सातवं नाव

१९ सप्टेंबर

लिही, मारित्सा. सगळ्यात आधी हे लिही की अक्षर सुनेचं आहे आणि तोंड सासूचं. उद्या कुणी म्हणायला नको की सेनाइदा म्हातारपणी शाळेत गेली.

वादळानंतर आज वीज आली. वीज नव्हती तोवर टीव्ही बंद होता, आणि टीव्ही बंद होता तोवर या घरात देव नांदत होता. आज लावला तर पहिलीच बातमी कागदांची. त्रेसष्ट साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मारला गेला, त्याच्या खुनाच्या तपासात सरकारनं जमवलेले सगळे गुप्त कागद येत्या सव्वीस ऑक्टोबरला उघडणार. पंचवीस वर्षांपूर्वीच तसा कायदा करून ठेवलाय म्हणे. मारित्सा म्हणते, त्या ढिगात त्या काळी मायामीहून क्युबावर चालून गेलेल्या बोटींचेही कागद आहेत, खुनाशी संबंध असो वा नसो. सरकारला संशय आला की ते अख्खी खोली उचलून नेतं, केरसुणीसकट.

म्हणजे आमची बोटही त्यात आली. सरकारनं माझ्या नवऱ्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते मला ठाऊक नाही. तेव्हा माझ्याकडचंही कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून ही वही.

माझ्याकडचं एवढंच. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात सात माणसं मासेमारीची बोट घेऊन तिकडच्या किनाऱ्यावर उतरायला गेली. बोट सरकारी माणसांनी दिली, बंदुकाही त्यांनीच दिल्या, आणि पकडले गेलात तर आम्ही तुम्हाला ओळखत नाही, असंही त्यांनीच सांगून ठेवलं. किनाऱ्यावर शिपाई आधीपासून दबा धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी हवानाच्या रेडिओनं सहा नावं वाचली, सहाही जणांना गोळ्या घातल्या. सातवं नाव वाचलंच नाही. सातवा माझा नवरा, एलादिओ. मग इथे मायामीत आपल्या माणसांनी हिशेब मांडला. खबर कुणीतरी दिली, सहा मेले, उरला तो फितूर. तेव्हा आमचा मुलगा ओरेस्तेस माझ्या अंगावर पीत होता. दूधवालासुद्धा आमच्या दारावरून मान वळवून जायचा.

दर वर्षी दोन नोव्हेंबरला, पितरांच्या दिवशी, चर्चमागच्या दालनात जुन्या लढवय्यांची संघटना मेलेल्यांची नावं पुकारते. एक नाव पुकारलं की सगळं दालन ओरडतं, ‘हजर!’ सहा नावं, सहा वेळा हजर. मी तिसऱ्या रांगेत बसते. एकही वर्ष चुकवलेलं नाही. त्यांना वाटतं बाई लाज कोळून प्यायलीय. मी वाट बघतेय. मरायच्या आधी मला ते सातवं नाव त्या दालनात ऐकायचंय.


२४ सप्टेंबर

रविवार म्हणजे निकानोर, काखेत पाव घेऊन. तो माझ्या ओरेस्तेसचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला पोराला त्यानंच धरलं, म्हणून मी त्याला कोम्पाद्रे म्हणते आणि तो मला कोमाद्रे. बाकी सगळ्यांनी तोंड फिरवलं तेव्हा हा एकटा या दारातून आत आला. ओरेस्तेसला सायकल यानं शिकवली, दाढी करायला यानं शिकवलं, आणि लग्नात बापाच्या जागी उभा राहिलाही हाच. मारित्सा, तू तेव्हा केवढी बारीक होतीस, ते लिहायचं का? नको? बरं.

त्या बोटीत खरं तर निकानोर जायचा होता. ऐन वेळी तापानं फणफणला. मीच त्याला गवती चहाचा काढा करून दिला होता. सहा जणांनी बोट चालणार नव्हती, म्हणून एलादिओ शेवटच्या घटकेला चढला. निकानोरला कळलं तसा तो तापातच उठून धक्क्यावर धावला आणि एलादिओचा सदरा धरून ओढायला लागला, ‘तू नको जाऊस, तू नको.’ अशी मैत्री आता बघायला मिळत नाही. देवानं त्याचं थोडं तरी भलं केलं. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ हवानाच्या तुरुंगातून सुटला आणि धडधाकट इथे आला.

आज अंगणात डॉमिनो मांडला. मी आणि निकानोर एका बाजूला, पोरगा आणि सून दुसऱ्या. मी त्याला कागदांचं सांगितलं. तो सोंगटी लावता लावता थांबला.

“सगळं उघडणार? नावंसुद्धा?”

“नावंसुद्धा. तुझ्या गाढवपणाचीही नोंद असेल त्यात.”

त्यानं टेबलावर बोटांनी ठकठक केलं, म्हणजे माझ्याकडे लावायला सोंगटी नाही. डाव संपल्यावर बघते तर दोन सोंगट्या हातात होत्या, दोन्ही लागणाऱ्या. मी म्हटलं, “कोम्पाद्रे, तुला आता पाव आणण्यापुरतंच ठेवायला हवं.” हसला नाही. थकलाय बिचारा.


३ ऑक्टोबर

बेकरीच्या खिडकीशी कॉफी प्यायला गेले होते. तिथे फेर्मीन भेटला. संघटनेचा अध्यक्ष. मेलेल्या सहांपैकी एक त्याचा सख्खा थोरला भाऊ, त्यामुळे मला त्याच्यावर रागावताही येत नाही, ही मोठी गैरसोय आहे.

मी सरळ विचारलं, “कागदात एलादिओ निर्दोष निघाला तर त्याचं नाव पुकारणार का?”

“दोन्या सेनाइदा,” बाईसाहेब म्हणावं तसं तो मला दोन्या म्हणतो, “कागदात काय निघेल ते तुम्हाला झेपेल का, ते आधी बघा.”

“मला काय झेपतं ते तुमच्या संघटनेनं बघितलंच आहे. पुकारणार की नाही?”

खिडकीशी चार माणसं होती. सगळ्यांनी कपात तोंड घातलं. फेर्मीन म्हणाला, “खबर दुसऱ्या कुणी दिली असं सरकारच्या कागदावर दिसलं, तर मी स्वतः पुकारीन. आणि खबर देणारा तोच निघाला, तर तुम्ही पुन्हा त्या दालनात पाऊल ठेवायचं नाही.”

“कबूल.”

“कबूल म्हणताय, पण विचार केलात का?”

“विचार करायला तुमच्यापेक्षा मला जास्त वर्षं मिळाली. घरी कुणी येत नव्हतं ना.”

कॉफी बाकी चांगली होती. साखरेचा फेस जाड. मारित्साला तसा जमत नाही. लिही, लिही, खरं आहे ते.


९ ऑक्टोबर

मारित्सा आज वाचनालयातून येताना तोंड पाडून आली. कायदा तिनं शब्द शब्द वाचला. म्हणते, “मिमा,” म्हणजे आई, पोराचं ऐकून तीही मला तसंच म्हणते, “एक मेख आहे. तारीख कायद्यानं ठरलेली आहे, ती आली की सगळं उघडायलाच हवं. फक्त एक माणूस थांबवू शकतो. राष्ट्राध्यक्ष.”

“तो कशाला थांबवेल? त्याचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?”

“झाला होता, मिमा.”

“मग त्याला कळायला हवं.”

कायद्यात असं आहे म्हणे, की कागद उघडून होणारं नुकसान लोकांच्या जाणून घेण्याच्या हक्कापेक्षा मोठं आहे असं त्याला वाटलं, तर तसं लिहून तो कागद पुढे ढकलू शकतो. त्याच्यावर कोर्ट नाही, संसद नाही. एक सही. मी तिला तीनदा वाचायला लावलं. नुकसान! चोपन्न वर्षं झाली. कुणाचं नुकसान व्हायचं राहिलंय अजून? त्या माणसाला इकडे पाठवा, मी दाखवते नुकसान कसं दिसतं. तिसऱ्या रांगेत बसलेलं असतं, काळा झगा घालून.

मला सही येत नाही, मी अंगठा उठवते. अंगठ्यानं आजवर कुणाचं काही पुढे ढकललेलं नाही.


१५ ऑक्टोबर

ओरेस्तेस आज घरी होता. एरवी मायामीच्या खालच्या बेटांवर वादळात उडालेली छपरं बसवत हिंडतोय. जेवताना मारित्सानं कागदांचा विषय काढला. त्यानं काटा खाली ठेवला.

“मिमा, मला नकोय ते.”

“तुझा बाप आहे तो.”

“माझा बाप निकानोर आहे. त्या दुसऱ्या माणसाचा मला फक्त शिव्या खाण्यापुरता उपयोग झाला. शाळेत फेर्मीनचा पुतण्या मला काय म्हणायचा ते तुला माहीत आहे. मी त्याचे दात पाडले, तेव्हा मुख्याध्यापकांसमोर कोण उभं राहिलं? निकानोर. म्हणाला, हा माझा मुलगा आहे, काय बोलायचं ते माझ्याशी बोला.”

“म्हणून तर म्हणते, कागद उघडला की...”

“आणि कागदात तो खरंच फितूर निघाला तर? आत्ता निदान म्हणता येतं, कुणाला माहीत. तेवढीही जागा ठेवणार नाहीस तू मला.”

काळे घेवडे ताटात तसेच राहिले. मी त्याचं ताट उचलून झाकून ठेवलं, हेही मारित्सानं तारीख घालून लिहून ठेवावं.


२२ ऑक्टोबर

काल राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं, सगळं उघडणार! आपण होऊन, फोनवर टाइप करून. मला अक्षर येत नाही आणि त्यांना थांबता येत नाही, दोघांचंही या वेळी भलंच झालं.

आज निकानोर आला तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडले. तो घामानं भिजलेला होता. पाव काखेतच धरून उभा.

“सगळं? नक्की?”

“शब्द दिलाय त्यांनी. तुला आनंद नाही झाला?”

“झाला, कोमाद्रे. पण मोठी माणसं शब्द देतात आणि... तू फार आशा लावू नकोस.” मग मारित्साला विचारतो, “पोरी, जी माणसं अजून जिवंत आहेत त्यांचीही नावं येतात का गं? का फक्त मेलेल्यांची?”

मारित्सा म्हणाली, “जिवंत असून ज्यांनी सरकारला गुपचूप माहिती दिली, त्यांची राखून ठेवतात बहुतेक.”

“जिवंत असेपर्यंतच ना?”

मी म्हटलं, “काय रे, तुझं नाव छापून यावं म्हणून मरायची घाई झालीय का?”

त्याला ठसका लागला. पाठ चोळली, पाणी दिलं. किती काळजी करतो तो आमची! मारित्सा मात्र त्याच्याकडे नुसती बघत होती. सुनेला पाणी आणायला सांगावं लागतं, हे काही बरं नाही.


२६ ऑक्टोबर

सकाळी आंघोळ करून, काळा झगा घालून टीव्हीसमोर बसले. शेजारच्या बाया ‘सहज’ आल्या. चौघी. मारित्सा कामाच्या ठिकाणी सुट्टी सांगून आलेली. दुपार झाली, काही नाही. टीव्हीवरची माणसं घड्याळाकडे बघत बोलत होती. एक म्हणे, गुप्तचरांचे साहेब राष्ट्राध्यक्षांना भेटायला आत गेलेत. दुसरा म्हणे, वकील आत गेलेत. कुणी बाहेर येत नव्हतं. बाया पेरूची पेस्ट्री खात होत्या. मी पेस्ट्रीला हात लावला नाही.

संध्याकाळी आलं. काही कागद उघडले. बाकीचे राष्ट्राध्यक्षांनी सहा महिने पुढे ढकलले. सही झाली.

बाया उठल्या, खुर्च्या जागेवर ठेवल्या. एक जण जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेली. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.


२७ ऑक्टोबर

आमच्या बोटीचा कागद उघडलेल्यांत आहे. मारित्साला वाचनालयाच्या संगणकावर सापडला. छापून आणलाय, एकच पान. मी ते हातात घेतलं. मला एरवीही कागदावर काळंच दिसतं, पण हे पान सगळ्यांसाठीच काळं होतं. वरून खालपर्यंत जाड पट्ट्या, सरकारनं रंगवलेल्या. मधे तेवढ्या दोन ओळी उघड्या. मारित्सानं वाचून दाखवल्या.

पहिली ओळ: बोट निघण्यापूर्वी गटातल्या, मग काळी पट्टी, या इसमानं दुसऱ्या बाजूला माहिती पुरवली. दुसरी ओळ: नाव राखून ठेवले आहे, सदर इसम हयात असल्याचे समजते.

“म्हणजे एलादिओ नाही,” मी म्हटलं. “एलादिओ मेलाय.”

मारित्सानं पेन खाली ठेवलं.

“लिही, एलादिओ मेलाय.”

“लिहिलं, मिमा.”

तासाभरात फेर्मीनचा फोन. त्यांच्याकडेही पान पोचलं होतं. म्हणाला, “वाचलंत ना? हयात आहे. मी कायम म्हणत आलो, तो हवानात पेन्शन खात बसलाय. दोन्या सेनाइदा, शब्द दिलाय तुम्ही. दोन तारखेला दालनात येऊ नका.”

“पट्टी उचलून बघितलीत का तुम्ही?”

“ती उचलायचा हक्क एकाच माणसाला आहे, आणि त्यानं उचलली नाही.”

बघा, असं झालं. कागद बंद होता तेव्हा माझा नवरा संशयात होता. अर्धा उघडला, तर तो फितूरच ठरला. पूर्ण उघडून होणाऱ्या नुकसानीचा विचार राष्ट्राध्यक्षांनी केला. अर्धा उघडून काय होतं, ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.


२८ ऑक्टोबर

आज एक गोष्ट लिहायची आहे. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवू नकोस.

मलाही कधी कधी वाटलंय की तो जिवंत असावा. तिकडे दुसरी बाई, दुसरी पोरं, संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसलेला. काही वर्षं तर मी तशीच प्रार्थना करायचे. फितूर असू दे पण असू दे. मग सकाळी उठून लोकांशी भांडायला जायचे की तो फितूर नाही. आता कागद म्हणतो हयात आहे, आणि पहिल्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं.

बस. पुढे नको.


२९ ऑक्टोबर

निकानोर पाव न आणता आला. मी पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याला इंग्रजी येतं. तो त्या दोन ओळी वाचत बसला, वाचत बसला, एखादं लांबलचक पत्र असावं तसा. मग रडायला लागला. ऐंशी ओलांडलेला माणूस, खांदे गदगदा हलत होते.

मी म्हटलं, “अरे, सहा महिने पुढे ढकललंय, रद्द नाही केलं. एप्रिलात नाव येईल.”

“येणार नाही, कोमाद्रे. तो पुन्हा ढकलेल. मग पुढचा ढकलेल. तो माणूस जिवंत आहे तोवर प्रत्येक जण ढकलत राहील.”

“मग तो मरेपर्यंत मी जगीन. मला कामं तरी काय आहेत?”

“आणि तोवर एलादिओ?”

“एलादिओला सवय आहे.”

असं म्हटल्यावर तो आणखीच रडला. मी ओरेस्तेसच्या बापासाठी कधी इतकी रडले नाही. मारित्साला म्हटलं, काकांना कॉफी कर. ती स्वयंपाकघरातून हललीच नाही. कॉफी मी केली, फेस आला नाही. जाताना तो दारात थांबून म्हणाला, “तू दोन तारखेला ये. फेर्मीन काही म्हणो. मी तुला घेऊन जाईन.”

तो गेल्यावर मारित्साला झापलं. घरात आलेल्या माणसाशी कुणी असं वागतं? ती म्हणाली, “मिमा, त्यांना ताप नक्की कधी आला होता? बोट निघायच्या दिवशी की आदल्या दिवशी?” आता चोपन्न वर्षांपूर्वीचा ताप मी कुठून मोजून आणू? म्हटलं, काढा माझ्या हातचा प्यायलाय तो, खोटा ताप मला कळला नसता का? कपाळ गार होतं खरं, पण तो काढ्याचा गुण.


३ नोव्हेंबर

काल लिहिणं झालं नाही. आज जसं झालं तसं सांगते. मारित्सा, मधे थांबू नकोस आणि मधे रडूही नकोस, शाई पसरते.

निकानोर मला गाडीतून घेऊन गेला. निळा सूट घातला होता, लग्नातला.  तू मागे बसली होतीस. दालनाच्या दारात फेर्मीन आडवा आला.

“दोन्या सेनाइदा, आपलं काय ठरलं होतं?”

निकानोर म्हणाला, “माझ्याबरोबर आल्यात. बसू दे.”

त्याला कुणी नाही म्हणत नाही. किती विधवांची छपरं त्यानं बांधलीत, किती पोरांना कामाला लावलंय. मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. माझ्या रांगेतली माणसं उठून चौथीत गेली. मेणबत्त्या लागल्या, प्रार्थना झाली, फेर्मीननं नावं पुकारायला सुरुवात केली. भावाच्या नावाला दर वर्षी त्याचा आवाज फाटतो, तसा फाटला. सहा नावं, सहा वेळा हजर. त्यानं कागदाची घडी घातली.

निकानोर उठला. पुढच्या रांगेत बसला होता. वळून माणसांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाला, “एलादिओ बेतानकोर्त!”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

पुन्हा म्हणाला, “एलादिओ बेतानकोर्त!”

फेर्मीन म्हणाला, “निकानोर, खाली बस. पान वाचलंय आम्ही. फितुराचं नाव इथे पुकारत नाहीत.”

“एलादिओ फितूर नव्हता.”

“तुला काय ठाऊक?”

“फेर्मीन, रेडिओनं सहाच नावं का वाचली, याचा तू कधी विचार केलास? सातवं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी त्यांना सहाच दिली होती.” मग जरा थांबून म्हणाला, “माझा भाऊ त्यांच्याकडे होता. एलादिओ बोटीत चढेल हे मला माहीत नव्हतं. तो पाण्यात पडला असणार. कुणी शोधलाच नाही, कारण तिकडे कुणी मोजलाच नव्हता. त्या पानावर काळ्या पट्टीखाली मी आहे.”

मी हे सगळं ऐकलं. मला ऐकू कमी येतं असं या घरात दोघांना वाटतं, पण हे मी शब्दन् शब्द ऐकलं.

त्यानं तिसऱ्यांदा नाव पुकारलं. आवाज निघेना, पण पुकारलं. आणि मग फेर्मीन, ज्याच्या भावाचा खून करणारा हातभर अंतरावर उभा होता, तो फेर्मीन त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, ‘हजर.’ आधी एकटाच. मग चौथी रांग. मग सगळं दालन. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. मारित्सा म्हणते, सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडले.

निकानोर मधल्या वाटेनं बाहेर गेला. माणसांनी पाय मागे घेतले, झग्यांच्या कडा गोळा केल्या. मी त्याला हाक मारली नाही. शिवीही घातली नाही. माझ्या तोंडाला दोन्हींची सवय आहे, पण एकही आली नाही.

घरी पोचलो तोवर ओरेस्तेसचा बेटावरून फोन. “मिमा, गेली होतीस? पुकारलं का?”

“पुकारलं.”

तिकडे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग विचारतो, “खरंच? बापाचं?” त्यानं आजवर त्याला बाप म्हटलं नव्हतं.

“तुझ्या बापाचं. सगळं दालन हजर म्हणालं.”

“कुणी पुकारलं?”

मी मारित्साकडे बघितलं. तिनं तोंडावर हात धरला होता.

“तुझ्या धर्मपित्यानं,” मी म्हटलं.

माझा पोरगा, पंचावन्नीला टेकलेला, कुणाच्या तरी छपरावर बसून हसत होता आणि रडत होता. म्हणाला, “म्हाताऱ्याला सांग, रविवारी येतोय. सरळ त्याच्याकडेच जातो, मिठी मारायला.”

मी म्हटलं, “आधी इकडे ये, जेव. मग बघू.”

फोन ठेवल्यावर मारित्सा म्हणाली, “मिमा, त्यांना सांगायला हवं. ते त्यांचं आहे, कळायचा हक्क आहे त्यांना. बाहेरून कळलं तर?”

“हक्क आहे. मी नाही कुठे म्हणतेय?”

“मग किती दिवस थांबवणार तुम्ही?”

“राष्ट्राध्यक्षांनी किती मागून घेतले?”

“सहा महिने.”

“मी रविवारपर्यंतच मागतेय. पोटात चार घास जाऊ देत त्याच्या. बाप मिळाला त्याच दिवशी बाप गेला, हे उपाशीपोटी ऐकू नये कुणी.” मग मी तिला म्हटलं, आण ती वही इकडे, कुठे अंगठा उठवायचा ते दाखव.